पंच्यात टाकलेलं खरेदीखत

"मुट्टबेडा!"

धनींच्या बायकोचा आवाज वरून आला आणि माझे हात होते तिथेच थांबले. शिवू नको. कन्नडमधला हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येत होता.

आयुधपूजेची सकाळ होती. वरच्या घराचं मागचं दार. दारात धनी, त्यांच्या मागे त्यांची बायको. पायऱ्या संपतात तिथे खाली अप्पा, आणि अप्पांच्या बाजूला मी. अप्पांनी दोन्ही हातांवर पंचा पसरला होता आणि मान खाली घातली होती. धनींनी लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं वरून त्या पंच्यात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. ते काठावर पडून घसरायला लागलं म्हणून मी हात पुढे केले. माझे हात मनगटापर्यंत लाल होते. आदल्या दिवशी आईबरोबर लुगडी पिळली होती मी. आमच्या हातांचा रंग धुऊन जात नसे, दिवसांनी आपसूक जायचा.

"पोरीला पुढच्या वेळी आणू नका," त्या अप्पांना म्हणाल्या. "भिंतीला हात लावील कुठेतरी."

"आयतु, अम्मा," अप्पा म्हणाले. ठीक आहे, अम्मा. आणि हसले.

त्या गाठोड्यात आमच्या घराचं खरेदीखत होतं. आमच्या घराचं. त्यांच्या नव्हे.

आम्ही रंगारी. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मराठीतही निम्मे शब्द कन्नडच. पुढे दोन खोल्या, मध्ये रंगाच्या हंड्यांची पडवी, आणि मागे मोठी मोकळी जागा. तिला आम्ही हित्तल म्हणायचो. तिथे बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या असत आणि त्यांवर ओली लुगडी वाळत असत. हित्तलाच्या पलीकडे चढावर धनींचं घर. त्यांचे वडील जुन्या काळी मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. गल्लीतले सगळे त्यांना धनीच म्हणायचे. त्यांचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही.

कागद त्यांच्याकडे कसा गेला, ते आई सांगायची. रंगाऱ्याच्या घरात कोरडं काही राहत नाही. एकीकडे चुलाण, दुसरीकडे पाणी. लग्नाचा शालूसुद्धा आम्ही शेजारणीकडे ठेवायचो. आजोबांना धास्ती, कागद भिजेल नाहीतर जळेल. वरच्या घरात लोखंडी कपाट होतं. आजोबा तिथे जाऊन म्हणाले, एवढं सांभाळा. त्यांनी सांभाळलं. इतकं सांभाळलं की आजोबा गेले, आजी गेली, पण कागद काही खाली आला नाही.

फक्त आयुधपूजेला यायचा. दसऱ्याच्या आदल्या त्या दिवशी घराघरांत हत्यारं पुजतात. आम्ही रंगाचे दांडके, छपाईचे ठोकळे, हंडे ओळीने मांडायचो आणि मधोमध तो कागद. अप्पा फडकं सोडायचे, घडी तशीच ठेवायचे, आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढायचे. झेंडू ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागचं दार, पुन्हा पंचा. या वेळी धनींचा गडी वरून हात घालून गाठोडं उचलून न्यायचा. ते नेताना अप्पा दोन्ही हात जोडून उभे असायचे.

एकदा मी ती घडी उलगडायला गेले. कन्नड शाळेत जात होते, वाचता येत होतं. घरात वाचता येणारी मी पहिलीच. अप्पांनी माझ्या हातावर फटका मारला.

"सुम्मने बैस गे! देवाला उलगडून बघतात काय?"

गप्प बसले. आमच्या घरात गप्प बसणं ही कला होती आणि अप्पा तिच्यात तरबेज होते.

त्या कागदापायी आम्ही काय काय केलं, ते आठवलं की आजही जीव जळतो. वरच्या घरातली रेशमी लुगडी आम्ही फुकट रंगवायचो. दसऱ्याआधी आई त्यांचं अंगण सारवायला जायची. आमच्या हित्तलात त्यांच्या खिडकीसमोर काळा कपडा वाळत घालायचा नाही, अपशकुन होतो. घातलाच तर त्यांचा गडी येऊन दोरी सोडायचा आणि ओला कपडा मातीत पडायचा. आई तो उचलायची, पुन्हा धुवायची. कुणी काही बोलायचं नाही. अप्पांचं एकच ठरलेलं वाक्य: "त्यांनी दिलीय जागा. त्यांच्या पुण्याईने राहतोय."

दिलीय. हाच शब्द मी लहानपणापासून ऐकला. मी तो खरा मानला.

पुढे गिरणीचं छापील कापड स्वस्त झालं आणि आमच्या हंड्यांना गंज चढला. अप्पा कापडाच्या दुकानात घड्या घालायला जाऊ लागले. आई गेली. माझं लग्न टी. नरसीपूरला झालं होतं. नवरा वारला, सासरच्यांनी तोंड फिरवलं, तशी मी एक पेटी घेऊन म्हैसूरला परत आले. अप्पांनी मला पाहिलं, पेटी आत घेतली, पाणी दिलं. आणि मग पंचा खांद्यावर टाकून वरच्या घराकडे निघाले.

"कुठे?"

"धनींना विचारून येतो, ना. पोरगी परत आलीय, ठेवू का म्हणून."

माझ्या बापाने स्वतःच्या घरात मला ठेवायची परवानगी मागितली. मिळाली ती. येताना ते खुशीत होते. मी पडवीत भिंतीला टेकून बसले होते. नवरा गेला तेव्हा रडले नव्हते तेवढी त्या दिवशी रडले.

मग थोरले धनी गेले आणि त्यांचा मुलगा धनी झाला. शिकलेला, मोटार चालवणारा. एका सकाळी तो हित्तलात फीत घेऊन आला. बरोबर दोन माणसं. त्यांनी खुंट्या ठोकल्या, सुतळी ओढली. आमच्या बांबूंच्या मधून.

"बण्णगारा," तो अप्पांना म्हणाला. बण्णगार म्हणजे रंगारी. पांढऱ्या केसांच्या माणसाला जातीच्या धंद्याने हाक, आणि तीही एकेरी. "मागची जागा लागेल मला. मोटार उभी करायची आहे, वर दोन खोल्या काढतोय. तू पुढे राहा आरामात. कुणी हलवणार नाही तुला."

"आयतु, धनी."

"पण जागा कुणाची?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. अप्पांकडे पाहिलं. "कागद कुणाच्या कपाटात आहे, सांग हिला."

अप्पा माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

माझ्याकडे तरी काय होतं? कंदायाच्या पावत्या. कंदाय म्हणजे घराचा कर. अप्पांनी तो कधी चुकवला नव्हता. पावत्या तारेच्या आकड्यात ओवलेल्या. त्या घेऊन मी एका वकिलाकडे गेले, छाती पुढे काढून. त्याने तारेसकट बाजूला सारल्या. "कर भरल्याने कुणी मालक होत नाही. कर कुणाकडून घ्यायचा, एवढंच नगरपालिका लिहून ठेवते. खरेदीखत आणा."

म्हणून मी वरच्या घरी गेले. अप्पांना बरोबर घेतलं, कारण ठेव त्यांच्या बापाची. पुढच्या ओट्यावर चार पाहुणे कॉफी घेत बसले होते. आम्हाला पाहून धाकट्या धनींनी हाताने खूण केली. मागून या. मागे गेलो. तो आतून फिरून मागच्या दारात आला, आणि गंमत बघायला त्याच्यामागे पाहुणेही आले.

"आमचं खरेदीखत पाहिजे," मी म्हणाले.

"दसऱ्याला मिळेल की. दर वर्षी मिळतं."

"आता पाहिजे."

"एनम्मा, कागद घेऊन काय करणार? वाळत घालणार?"

पाहुणे हसले. ते हसणारच. पण माझ्या शेजारून हसू आलं. अप्पा हसत होते. धनी विनोद करतात आणि आपण हसतो, आयुष्यभराची सवय. तोंडात दात उरले नव्हते तरी अप्पा तोंडभर हसत होते. मला त्या माणसाच्या बोलण्याने जेवढं लागलं नाही, तेवढं बापाच्या हसण्याने लागलं. आजही ते हसू कानात येतं आणि मला कुणाचा राग करायचा ते कळेनासं होतं.

तेव्हा मी गोकुलममध्ये एका घरी काम करत होते. योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांना तिथे खोल्या भाड्याने देतात. मी केरवारा करायची, पलंगपोस बदलायची. एक मुलगी आली, खोली एकाच महिन्यासाठी. घरमालकाने भाड्याचा करार पुढे केला. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि वाचू लागली. एकदा वाचला, पुन्हा वाचला. पेन्सिलीने खुणा केल्या. हे का लिहिलं, ते का नाही लिहिलं, असं विचारू लागली. मालक वैतागला. मग साक्षीदार म्हणून सही कर, असं मला म्हणाला. मी पेन उचललं. त्या मुलीने तळवा कागदावर ठेवला. माझ्याकडे बघून मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, "मोदलु ओदी." आधी वाचा.

रागाने नाही म्हणाली. साधं म्हणाली, चप्पल बाहेर काढा म्हणतात तसं. मी पेन खाली ठेवलं. एका महिन्याच्या खोलीसाठी ही पोर एवढं वाचते. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचं घर फडक्यात बांधून त्याला झेंडू वाहतो! मला स्वतःची इतकी चीड आली की त्या दिवशी बादली दोनदा लाथेने सांडली.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत मी गेले तेव्हा खिडकीतल्या बाईने डोकं वर न करता विचारलं, "दस्ताचा नंबर?"

"माहीत नाही."

"वर्ष?"

"स्वातंत्र्यानंतरचं. आजोबांच्या वेळचं."

"मूळ कागद?"

"दुसऱ्याच्या कपाटात."

तेव्हा तिने वर पाहिलं. मी मनातली भीती विचारून टाकली. "कागद त्याच्याकडे आहे, मग घर त्याचं होतं का हो?"

ती खेकसली. "अय्यो! रेशनकार्ड शेजारणीकडे ठेवलं तर नवरा तिचा होतो का? नोंद इथे असते, अम्मा. तुमच्याजवळ असतो तो नुसता परत दिलेला कागद. नाव लिहा आजोबांचं, अर्ज करा, फी भरा. शोधायला लागेल. उद्या विचारायला येऊ नका."

मी उद्या गेले नाही, पण पुष्कळ वेळा गेले. प्रत्येक वेळी ती खेकसली. कनवाळू वगैरे नव्हती ती. पण तिच्या त्या खेकसण्याने माझ्या बापाची अख्ख्या आयुष्याची समजूत मोडली. कपाट म्हणजे मालकी नव्हे. कर म्हणजे मालकी नव्हे. कोण राहतं, कोण दटावतं, कोण वरच्या पायरीवर उभं राहतं, यातलं काही मालकी नव्हे. कुणी विकलं, कुणी घेतलं, चारी बाजूंना काय आहे, आणि सरकारी नोंदीत ते चढलं की नाही, एवढंच बघायचं. एवढंच! हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणाला विचारलं नाही.

शिक्क्याची नक्कल हातात आली तेव्हा मी कचेरीच्या आवारातल्या झाडाखाली बसले आणि आधी वाचली.

विकणार: वरच्या घरातले धनी, म्हणजे या धाकट्याचे आजोबा. घेणार: माझे आजोबा, धंदा रंगाऱ्याचा. पूर्ण किंमत पोचली. आता या जागेवर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिला नाही. पूर्वेला गल्ली. दक्षिणेला दुसऱ्याचं घर. पश्चिमेला सार्वजनिक विहीर. उत्तरेला विकणाऱ्याच्या घराची भिंत. मधली सगळी जागा, घर आणि मागचं मैदान धरून.

दिलीय कसली! विकली होती. दुकानातून भांडं विकत घ्यावं, ते दुकानातच ठेवावं आणि रोज हात जोडून मागून आणावं, तसे आम्ही जगलो. विकणाऱ्याने पैसे घेतले आणि कागदही ठेवून घेतला. आणि वर आमच्याकडून अंगण सारवून घेतलं.

अप्पांना वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "नक्कल आहे ती. खरा कागद वर आहे, ना."

आयुधपूजा आली. अप्पांनी आंघोळ केली, पंचा घेतला. मीही निघाले. तीच पायरी, तेच दार. वर धाकटे धनी, हातात लाल गाठोडं. अप्पांनी पंचा पसरला, मान खाली घातली.

"खाली या," मी म्हणाले. "हातात द्या."

त्याला ऐकू आलं नाही की त्याने ऐकून घेतलं नाही, कोण जाणे. त्याने हात सोडला. त्याच वेळी मी पंचा ओढला. गाठोडं पायरीवर पडलं, घरंगळून मातीत गेलं.

"उचल," तो म्हणाला.

"तुम्ही टाकलंत. तुम्ही उचला. माझ्याकडे शिक्क्याची नक्कल आहे. तुमच्या आजोबांची सही आहे तिच्यावर."

त्याचा चेहरा उतरला. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, ते मी त्या क्षणी पाहिलं. त्याने दार आपटलं. दाराचा आवाज विरला तेव्हा अप्पा गुडघ्यांवर बसून माती झटकत होते. गाठोडं डोळ्यांना लावत होते आणि रडत होते. मी त्यांना उठवायला गेले. त्यांनी माझा हात झिडकारला.

"घर बुडवलंस गे," म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कागद नेहमीच्या जागी ठेवला आणि कुंकवाची वाटी घेतली. मी वाटी काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ती घडी उलगडली. घडीच्या वर जो भाग यायचा, तिथे चारी बाजूंच्या सीमा लिहिल्या होत्या. लिहिल्या असणार. तिथे नुसता लाल-पिवळा थर होता, खरवडला की अक्षरांसकट निघणारा. एक ओळ वाचता येत नव्हती. लोकांचे रंग पक्के करणारी माणसं आम्ही. आमची हद्द आम्हीच आमच्या बोटांनी पुसली होती, दर वर्षी, आंघोळ करून.

अप्पांनी ते पाहिलं. पंचा खांद्यावर टाकून ते पडवीत जाऊन बसले. अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

हित्तलातल्या खुंट्या मी उपटल्या. त्यांनी पुन्हा ठोकल्या, मी पुन्हा उपटल्या. वकिलाकरवी नोटीस दिली. आता वरच्या घरून तडजोडीचा कागद येतो. छान टाइप केलेला. धनींचा माणूस तो पडवीत ठेवतो आणि म्हणतो, अप्पांच्या वयाचा विचार कर. अप्पाही म्हणतात, कर सही, शांती मिळेल. मी तो वाचला. त्यात एक शब्द आहे. आम्ही आजवर धनींच्या "परवानगीने" राहत आलो. तेवढ्या एका शब्दाखाली माझी सही पाहिजे त्यांना. मोटार, खोल्या, शांती, सगळं त्याच शब्दावर उभं राहणार आहे.

सही मिळणार नाही. अप्पांनी सांगितलं तरी नाही, कोर्टात म्हातारी झाले तरी नाही. आजोबांच्या नावापुढे वारसाने आमची नावं चढवायचा अर्ज मी केला आहे. मूळ कागदाला यापुढे कुंकू लागणार नाही, आणि तो कुणाच्या कपाटात जाणार नाही. हित्तलात मी दोरी पुन्हा ताणली आहे. धंदा नाही, तरी त्यांच्या खिडकीसमोर रोज एक काळं लुगडं वाळत घालते. अजून कुणी सोडलेलं नाही.

येत्या आयुधपूजेला मी मागच्या दारी जाणार नाही. त्याच वेळी, त्यांची पूजा चालू असेल तेव्हा, हित्तलाच्या मध्ये उभी राहून नक्कल मोठ्याने वाचणार आहे. वरच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. पूर्वेला गल्ली. दक्षिणेला दुसऱ्याचं घर. पश्चिमेला विहीर. उत्तरेला धनींची भिंत. तिथे त्यांची हद्द संपते.